पत्ता : अमरावती ४४४६०२

शोधनिबंध हाती आला की वाचक आधी शीर्षक पाहतो, मग लेखकांची नावे. नावांखाली बारीक अक्षरांत पत्ता छापलेला असतो, त्यावर फारशी कुणाची नजर थांबत नाही. २००९ साली ‘बायोटेक्नॉलॉजी ॲडव्हान्सेस’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या २७व्या खंडात चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर एक आढावा-लेख आला. लेखक तिघे : महेंद्र राय, अलका यादव आणि अनिकेत गाडे. पाने अवघी आठ. खाली पत्ता होता : जैवतंत्रज्ञान विभाग, अमरावती विद्यापीठ, अमरावती ४४४६०२. त्या लेखाचा आधार पुढे जगभरच्या संशोधकांनी हजारो वेळा घेतला. जंतूंविरुद्ध चांदी कशी काम करते हे लिहायला बसलेल्या माणसाला बहुधा या पत्त्यावरून जावेच लागते.

वऱ्हाडातल्या सूक्ष्मजीवशास्त्राची वाटचाल सांगायची तर हा पत्ता कसा घडला ते सांगावे लागेल. तो एका माणसाने घडवलेला नाही आणि एका वर्षातही नाही. मोठी यंत्रे, मोठा निधी, समुद्रापारची ओळख यांतले काहीच हाताशी नसताना इथल्या अभ्यासकांनी एक शहाणपण दाखवले : आपल्या प्रयोगशाळेच्या ओट्यावर मावेल असा प्रश्न निवडायचा, आणि त्याचा पिच्छा शेवटपर्यंत सोडायचा नाही.

ओटा मांडण्याआधी

अमरावतीत उच्च शिक्षणाची सोय झाली ती १९२३ साली, किंग एडवर्ड कॉलेजच्या रूपाने. त्याचेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले, आणि आज ते शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले होते. पुढची साठ वर्षे वऱ्हाडातल्या पोराला परीक्षा, पदवी, पीएच.डी. या सगळ्यांसाठी नागपूरच्याच तोंडाकडे पाहावे लागे. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झाले आणि अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. १९९८ साली अकोल्यातून वाशिम वेगळा झाला आणि जिल्हे पाच झाले.

विद्यापीठाला जागा मिळाली तीही अर्थपूर्ण. शेजारी तपोवन आहे. ज्या काळात कुष्ठरोग्याला गावाच्या शिवेबाहेर काढत, त्या काळात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तिथे कुष्ठरुग्णांची वसाहत उभी केली. कुष्ठरोगाचा जिवाणू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ सालीच दाखवला होता. पण प्रयोगशाळेतल्या कोणत्याही कृत्रिम माध्यमावर तो आजवर वाढवता आलेला नाही. विज्ञानाला हा जंतू ताटलीत सापडत नव्हता तेव्हा तपोवनातली माणसे रुग्णांच्या जखमा धूत होती.

२००५ साली विद्यापीठाला संत गाडगे बाबांचे नाव दिले गेले. बाबा याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने, हा त्यांचा क्रम. अक्षरओळख नसलेल्या या माणसाने स्वच्छता आणि आरोग्य यांचे नाते लोकांना त्यांच्या बोलीत समजावून दिले. सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असलेल्या विद्यापीठाला यापेक्षा नेमके नाव शोधूनही मिळाले नसते.

पाण्याची नळी

विद्यापीठाच्या पदव्युत्तर सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने एक मोठा प्रश्न उचलला तो थेट गावच्या पाण्यातून. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश, जवळपास ९०० गावांचा. वर काळीभोर खोल माती, खाली खारट पाणी. विहीर खोदावी तर पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून नळाचे वा टँकरचे गोडे पाणी आले की घरोघरी ते रांजणात, ड्रमात, टाक्यांत भरून ठेवायचे. साठवलेल्या पाण्यात हात बुडतो, लोटा बुडतो, आणि हातावरचे जंतूही त्याच्याबरोबर उतरतात.

डॉ. डी. एच. तांबेकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे पाणी तपासण्याचे काम वर्षानुवर्षे केले. तपासणीची पद्धत जुनीच. लॅक्टोज असलेल्या द्रावणाच्या नळीत एक छोटी नळी उलटी ठेवायची, त्यात पाण्याचा नमुना टाकायचा आणि उबदार पेटीत ठेवायचे. विष्ठेशी संबंध असलेले कोलिफॉर्म जिवाणू पाण्यात असतील तर ते लॅक्टोज आंबवतात आणि वायू सोडतात. उलट्या नळीत बुडबुडा दिसतो. किती नळ्यांत बुडबुडे आले यावरून १०० मिलिलिटर पाण्यात किती जिवाणू असावेत याचा अंदाज बांधता येतो. पिण्याच्या पाण्याचा नियम मात्र साधा आहे : १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नको.

एवढ्याशा नळीने मोठे प्रश्न विचारता आले. नळावर शुद्ध असलेले पाणी घरातल्या माठापर्यंत पोहोचेस्तोवर कसे बिघडते? विद्यार्थ्यांच्या हातांवर काय असते, आणि साबणाने हात धुतल्यावर काय उरते? अमरावतीच्या रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या पाणीपुरीच्या पाण्यात काय आहे? हात धुण्यावरचे आणि पाणीपुरीवरचे हे अभ्यास प्रसिद्ध झाले. वरवर किरकोळ वाटणारे विषय आहेत. पण अतिसाराने पोर दगावलेल्या घराला ते किरकोळ वाटणार नाहीत. गाडगे बाबांचा खराटा इथे काचेच्या नळीच्या रूपाने पुढे चालला होता.

याच विभागाची दुसरी वाट लोणारकडे गेली. बुलडाणा जिल्ह्यातले हे विवर उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. काठावर ‘धार’ हा गोड्या पाण्याचा झरा आणि खाली सरोवराचे पाणी इतके अल्कलीयुक्त की पीएच १०च्या घरात. साध्या जिवाणूला तिथे तग धरवत नाही, आणि जे टिकतात त्यांची विकरेही तशीच कणखर असतात. कपडे धुण्याची पावडर म्हणजेही अल्कलीच. साबणाच्या पाण्यात डाग खाऊ शकणारे विकर शोधायचे तर अशा ठिकाणच्या जिवाणूंकडे वळावे लागते. म्हणून लोणारचे बॅसिलस वेगळे काढणे, वाढवणे, त्यांची विकरे मोजणे हा अमरावतीच्या अभ्यासकांचा जुना ध्यास झाला. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. तोवर लोणारच्या काठावरून नमुन्याच्या बाटल्या भरून अमरावतीला नेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या होत्या.

पानावरचे काळे ठिपके

जैवतंत्रज्ञान विभाग उभा करणारे डॉ. महेंद्र राय आले ते वनस्पतिशास्त्राच्या वाटेने. सातपुड्याच्या पलीकडच्या छिंदवाड्यात ते शिकवत असत. त्यांचा जुना विषय फोमा ही बुरशी. रोगट पानावर भिंगातून पाहिले तर मोहरीहूनही बारीक काळे ठिपके दिसतात. त्या या बुरशीच्या बीजाणूंच्या कुप्या. एक फोमा दुसऱ्या फोमासारखी दिसते. माध्यम बदलले, उजेड बदलला की तिचे रूपही बदलते. जाती ओळखणे म्हणजे महिनोन् महिने ताटल्या वाढवणे, बीजाणू मोजणे, रंग नोंदवणे. १९९३ साली आर. सी. राजक यांच्याबरोबर ‘मायकोटॅक्सॉन’मध्ये निवडक फोमा जातींच्या ओळखखुणांवर त्यांचा निबंध आला, १९९८ साली या बुरशीवरचे पुस्तक.

वर्गीकरणाचे काम लोकांच्या डोळ्यांत भरत नाही. त्याला पुरस्कार कमी आणि निधी त्याहून कमी. पण ज्याने वीस वर्षे बुरशी ओळखण्यात घालवली, त्याला कोणती बुरशी कुठे वाढते, किती दिवसांत वाढते आणि द्रावणात काय सोडते हे तळहातावरच्या रेषांसारखे ठाऊक असते. २००१ साली ‘मायकोरायझा’ या नियतकालिकात राय आणि सहकाऱ्यांनी अश्वगंधेवर शेतातला एक प्रयोग मांडला. थरच्या वाळवंटात सापडलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशी मुळांना लावली की रोप जोमाने वाढते, असे त्यात दिसले. माती, बुरशी आणि पीक यांची ही ओळख पुढे कामी येणार होती.

सडलेले आले

याच काळात पुण्यात एक दार उघडले होते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले की व्हर्टिसिलियम ही बुरशी चांदीच्या क्षाराचे रूपांतर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांत करते. ते कण बुरशीच्या आतच अडकून राहत. २००३ साली त्यांनी फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम वापरली आणि कण बुरशीबाहेर, द्रावणातच तयार झाले. पेशी फोडण्याची गरज उरली नाही. २००५ साली ब्राझीलच्या कॅम्पिनासमधून नेल्सन डुरान यांनी त्यामागचा रासायनिक मार्ग सुचवला : बुरशी सोडते ते नायट्रेट रिडक्टेज हे विकर चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन पुरवते.

अमरावतीच्या विभागाने हे दार ओळखले. इथे लागत होते काय? ओळखीची बुरशी, पोषक द्रव, फिल्टर पेपर, ऊर्ध्वपातित पाणी आणि थोडे सिल्व्हर नायट्रेट. बुरशी वाढवायची, गाळायची, धुऊन पाण्यात ठेवायची, ते पाणी पुन्हा गाळून त्यात चांदीचा क्षार घालायचा. रंगहीन द्रावण हळूहळू तपकिरी होते. नुसत्या डोळ्यांना दिसणारा हा बदल म्हणजेच चांदीचे कण घडल्याची पहिली खूण. मग वर्णपटमापीवर ४२० नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा दिसला की खात्री पटते. ओट्यावर मावणारा प्रश्न म्हणतात तो हाच.

२००८ साली ‘करंट नॅनोसायन्स’मध्ये अविनाश इंगळे, अनिकेत गाडे, राय आणि जर्मनीतल्या माइन्झचे पिएरा व झोनिक्सन यांचा निबंध आला. बुरशी होती फ्युझेरियम ॲक्युमिनेटम, आणि ती मिळवली होती रोगट आल्याच्या कंदातून. भाजीवाल्याने बाजूला टाकावे असे ते आले. तिच्या द्रवात चांदीचा क्षार घातल्यावर १५ ते २० मिनिटांत कण तयार झाले. सरासरी व्यास १३ नॅनोमीटर, म्हणजे एक मिलिमीटरच्या लांबीत असे सुमारे ७७,००० कण ओळीने बसतील. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर हे कण चांदीच्या साध्या आयनांपेक्षा १.४ ते १.९ पट अधिक प्रभावी ठरले. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतल्या खामगावला चांदीच्या बाजारपेठेमुळे ‘रजतनगरी’ म्हणतात. त्याच विद्यापीठाच्या कक्षेत चांदीचे हे दुसरे काम, डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात, चालू झाले होते.

पुढच्याच वर्षी दोन महत्त्वाचे निबंध आले. एकात जुनी सोबतीण फोमा ग्लोमेराटा चांदीचे कण घडवते आणि ते प्रतिजैविकांच्या जोडीला दिले की जिवाणूंवरचा परिणाम वाढतो, असे दाखवले. दुसऱ्यात अल्टर्नेरिया अल्टर्नाटापासून बनवलेले कण फ्लुकोनाझोल या बुरशीनाशक औषधाबरोबर वापरले. कॅन्डिडा अल्बिकन्सवर या जोडीचा परिणाम सर्वाधिक झाला, मात्र फोमा हर्बेरम आणि फ्युझेरियम सेमिटेक्टमवर म्हणावी तशी वाढ दिसली नाही. जिथे जमले नाही तेही त्याच कागदावर नोंदवले, ही गोष्ट मला त्या यशाइतकीच मोलाची वाटते. फसलेल्या ताटलीची नोंद ठेवणारी प्रयोगशाळाच पुढच्या माणसाचा वेळ वाचवते.

आठ पानांचा लेख

अशा पार्श्वभूमीवर २००९ चा तो आढावा आला. आढावा-लेखात नवा प्रयोग नसतो. विखुरलेले प्रयोग एकत्र आणून, काय कळले आणि काय कळायचे आहे याचा नकाशा त्यात काढलेला असतो. तो वेळेवर निघावा लागतो. नेमक्या त्याच वर्षांत प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू हा दवाखान्यांपुढचा मोठा पेच झाला होता आणि नवी प्रतिजैविके फारशी येत नव्हती. चांदीचा सूक्ष्म कण जंतूवर एकाच जागी घाव घालत नाही : आवरणाला भोके पाडतो, प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो, डीएनएच्या कामात अडथळा आणतो. म्हणून त्याच्याशी जुळवून घेणे जंतूला अवघड जाते. भाजलेल्या जखमेवर चांदीचे मलम लावण्याच्या जुन्या अनुभवापासून नव्या कणांपर्यंतचा धागा या लेखाने एका जागी ओवला.

त्याच वर्षी राय यांनी पॉल ब्रिज यांच्यासह संपादित केलेल्या ‘अप्लाइड मायकॉलॉजी’ या ग्रंथात एका नव्या शाखेला नाव दिले गेले : मायकोनॅनोटेक्नॉलॉजी, म्हणजे बुरशीच्या हातून सूक्ष्मकण घडवण्याचे शास्त्र. विज्ञानात नाव देणे ही मोठी जबाबदारी असते. नाव मिळाले की विखुरलेले अभ्यासक स्वतःला एका घराण्याचे मानू लागतात.

पत्ते जोडले जाऊ लागले. कॅम्पिनासचे डुरान सहलेखक झाले. पोलंडमधल्या तोरुन्च्या निकोलस कोपर्निकस विद्यापीठात पॅट्रिसिया गोलिन्स्का यांच्या गटाबरोबर ॲक्टिनोमायसिटिस या जिवाणूंपासून धातूंचे कण बनवण्याचे काम सुरू झाले. २०१४ च्या त्यांच्या एकत्र आढाव्यात हे कण माणसाच्या पेशींना किती अपायकारक ठरू शकतात याचीही चर्चा आहे. ती हवीच होती. जंतूला मारणारी चांदी किती मात्रेत आपल्याला आणि नदीतल्या जिवांना मारील, आणि चांदीलाही जंतू सरावले तर काय, हे प्रश्न अजून मिटलेले नाहीत. फोमाही सुटली नव्हती. हंगेरीतल्या डेब्रेसेनचे कोविक्स आणि पोलंडच्या झिमोव्स्का यांच्यासह राय यांनी २०२२ साली फोमावरचा ग्रंथ संपादित केला. पानावरच्या काळ्या ठिपक्यांपाशी सुरू झालेले काम तीन दशकांनी पुन्हा त्याच बुरशीपाशी आले, सोबत नॅनोतंत्रज्ञान घेऊन.

अकोल्याची वाट

अमरावतीहून अकोल्याला जाणारी वाट या गोष्टीत महत्त्वाची आहे. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला वऱ्हाडाचे सुपुत्र, देशाचे माजी कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव मिळाले. इथले सूक्ष्मजीवशास्त्र थेट शेताच्या बांधावर उतरलेले. पेरणीच्या तोंडावर शेतकरी जिवाणू संवर्धनाची पाकिटे नेतो. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचे आणि सावलीत सुकवायचे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. क्रम उलटला तर जिवंत पाकीट मेलेच समजा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लावतात ती तूर-हरभऱ्याच्या मर रोगासाठी. आणि मर आणणारी बुरशी कोणती? फ्युझेरियमच. शेतात जिच्या नावाने शेतकरी कपाळाला हात लावतो, तिच्याच कुळातली बुरशी अमरावतीच्या चंचुपात्रात चांदी घडवत होती.

२०१२ साली राय आणि इंगळे यांनी ‘अप्लाइड मायक्रोबायॉलॉजी अँड बायोटेक्नॉलॉजी’मध्ये शेतीतल्या किडींच्या बंदोबस्तासाठी नॅनोतंत्रज्ञान कसे वापरता येईल याचा आढावा घेतला. हा विषय कापसाच्या मुलखात पुस्तकी नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कमी औषध, नेमके औषध, माणसाला न मारणारे औषध ही इथे जिवाची गरज आहे.

रोगट आल्यातून बुरशी काढणाऱ्या त्या निबंधाचे पहिले लेखक इंगळे यांचे पुढचे पत्ते पाहावेत. आधी अमरावती. मग ब्राझीलमधले लोरेना, साओ पावलो विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा. आणि त्यानंतर निबंधांखाली छापलेला पत्ता : जैवतंत्रज्ञान केंद्र, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला. अमरावतीतून निघालेले कौशल्य समुद्र ओलांडून शेजारच्या जिल्ह्यात, कापूस आणि तुरीच्या विद्यापीठात परतले.

पत्त्याचा अर्थ

संशोधकाचा प्रभाव मोजायला आज आकडे पुष्कळ आहेत. कोणी किती वेळा उल्लेख केला, कोणत्या यादीत नाव आले. ते आकडे खोटे नाहीत. पण त्यांना तुरीचा मर दिसत नाही आणि माठात बुडणारा हातही दिसत नाही. वऱ्हाडाच्या या वाटचालीत प्रभाव तीन जागी दिसतो. पहिली जागा जगभरच्या निबंधांच्या संदर्भसूचीची. दुसरी जागा विद्यार्थ्यांची. पाच जिल्ह्यांतल्या विज्ञान महाविद्यालयांत शिकवणारे कितीतरी प्राध्यापक याच विद्यापीठातून शिकून गेलेले आहेत. ऑटोक्लेव्ह नसेल तर १५ पौंड दाबाचा प्रेशर कुकरही माध्यम निर्जंतुक करतो, हे त्यांना ठाऊक असते, आणि ते पुढच्या पोरांना शिकवतात. तिसरी जागा मातीची आणि पाण्याची, जिथून प्रश्न आले आणि जिथे उत्तरे परत जायला हवीत.

ही तिसरी जागा अजून पुरती भरलेली नाही. चांदीच्या कणांवर ढीगभर निबंध लिहिले गेले, पण त्यातले औषध दवाखान्यातल्या खाटेपर्यंत आणि शेतातल्या पंपापर्यंत पोचायचे बरेच बाकी आहे. खारपाणपट्ट्यातल्या घरातले पाणी अजूनही ड्रमातच साठते. म्हणून पुढच्या पिढीने जुन्या आढाव्यांची री ओढू नये. तिने पुन्हा एकदा ओट्यावर मावणारा, पण गावाला भिडणारा प्रश्न निवडावा. लोणारचा बॅसिलस, पूर्णेकाठचा माठ, मर लागलेली तूर, बाजारात टाकून दिलेले आले : वऱ्हाडात प्रश्नांना तोटा नाही.

एक नळी, तिच्यात उलटी ठेवलेली छोटी नळी, आणि सकाळी उबदार पेटी उघडून बुडबुडा शोधणारी कुणी मुलगी. तिच्या वहीवर आज तारीख आणि नमुन्याच्या गावाचे नाव आहे. उद्या तिचा निबंध छापून येईल, तेव्हा नावाखाली बारीक अक्षरांत तोच पत्ता असेल.